फ्रीगंजातला पंच

उज्जैनमध्ये पंच म्हणून उभं राहणं म्हणजे नसती तुलना ओढवून घेणं. बाकीच्या गावांत पंच चुकला तर लोक फार तर त्याला आंधळा म्हणतात; इथे विक्रमादित्य मध्ये येतो. महाकालाच्या शेजारी रुद्रसागरात त्याचा भलाथोरला पुतळा आहे, सिंहासनावर बसलेला, भोवती बत्तीस पुतळ्या. विद्यापीठाला त्याचं नाव, पंचांगातल्या संवताला त्याचं नाव. आणि अशा गावात, रेल्वेच्या पुलाच्या ह्या अंगाला, फ्रीगंजात, टॉवर चौकाजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये मी रविवारी सकाळी काळा टी-शर्ट घालून टेबलांमधून फिरत असतो, आणि दहा वर्षांचा एक मुलगा हात वर करून ओरडतो, "जज अंकल!"

तंटा पिकाचूवरून असतो.

ज्यांच्या घरात शाळकरी पोर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हा आपला बावन पानांचा कॅट नव्हे. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ आला आणि पत्त्यांची एक जुनी अट मोडली : सगळ्यांनी एकाच कॅटमधून खेळायचं, ही. गारफील्डच्या खेळात जो तो आपला कॅट घरून बांधून आणतो. बंद पाकिटं विकत घ्यायची, आत काय निघेल ते देव जाणे, निघेल ते जमवायचं, मित्रांशी अदलाबदल करायची आणि त्यातून आपला डाव रचायचा. आपल्या पत्त्यांत नशीब वाटणाऱ्याच्या हातात असतं. इथे अर्धंअधिक नशीब दप्तरातूनच येतं. तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, जपानात त्याच वाटेने पोकेमॉनची कार्डं निघाली. आपल्याकडे २००३ पासून पोकेमॉन कार्टून नेटवर्कवर दिसायला लागला. तेव्हा दप्तर न उतरवता टीव्हीसमोर बसणारी पोरं आता नोकरीला लागली आहेत, त्यांच्या खिशात पैसे आहेत, आणि अशा हौशी स्पर्धा भरवणारे तेच लोक. इंदूर, देवास, नागदा, रतलामहून मुलं येतात. मुलांबरोबर आईबाप येतात, आईबापांबरोबर डबे येतात.

खेळाचा सांगाडा सोपा आहे. कॅट साठ कार्डांचा, साठ म्हणजे साठच. हातात सात कार्डं. सहा कार्डं बक्षिसाची म्हणून बाजूला पालथी. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातलं एक, कधी दोन उचलायची. सहाही उचलली की जिंकलात. हल्ल्याला बळ देणारं एनर्जीचं कार्ड एका पाळीत एकदाच लावायचं. पहिली पाळी ज्याची, त्याने त्या पाळीत हल्ला करायचा नाही. एवढ्यावर भागलं असतं तर पंचाची गरजच नव्हती. पण बाकीचे नियम पुस्तकात नसतात, ते कार्डांवर छापलेले असतात, आणि प्रत्येक कार्ड आपापलं म्हणणं मांडत असतं. मग एक मूळ तत्त्व लागतं : पुस्तक आणि कार्ड भांडले तर कार्ड खरं. एक कार्ड 'चालेल' म्हणतं आणि दुसरं 'चालणार नाही' म्हणतं, तर 'चालणार नाही' खरं. मॅजिकमध्ये तर दोन कार्डांचे परिणाम एकमेकांवर आपटले तर पुष्कळदा नंतर आलेल्याचं चालतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पाणिनी आठवला. सामान्य नियमाला अपवाद हटवतो, आणि दोन तुल्यबळ नियम एकाच जागी भिडले तर सूत्रपाठात जो नंतर येतो तो लागू होतो, ही व्यवस्था त्या माणसाने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास करून ठेवली. उज्जैनमध्ये २००८ पासून त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. तिथले एखादे व्याकरणाचार्य रविवारी मोकळे असतील तर हा काळा टी-शर्ट मी त्यांना आनंदाने देईन. पिकाचूचं कोडं ते माझ्याआधी सोडवतील.

आमच्या घरी पत्त्यांना पंच नव्हता, आजी होती. मे महिन्यात भावंडं जमत, भर दुपारी कूलरसमोर सतरंजी पडे, आणि मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन, झब्बू असा क्रम संध्याकाळपर्यंत चाले. पुण्याच्या मावसभावाचे नियम वेगळे, इंदूरच्या आत्तेबहिणीचे वेगळे. हुकूम बंद ठेवायचा की कट हुकूम खेळायचा, ह्यावरून एकदा दोन दिवस अबोला झाला. 'आमच्याकडे असंच खेळतात' हे सगळ्यांचं शेवटचं अस्त्र, आणि ते सगळ्यांकडे असल्यामुळे निरुपयोगी. मग खाटेवर डोळे मिटून पडलेली आजी निवाडा देई. तिला मेंढीकोट येत नव्हता. तिने पानं पाहिलेलीही नसत. "टाकलेलं पान उचलायचं नाही," एवढं म्हणून ती कुशीवर वळे. तिला न्याय नको होता, झोप हवी होती. आणि म्हणूनच तिचे निवाडे टिकत, कारण त्यात तिचा कुणाकडे कल आहे असा संशय घ्यायला जागाच नव्हती.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाबद्दल वाचताना मला अशाच कुणा आजीची उणीव भासते. एकशेवीस गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा. पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा. आणि दिवसा खेळलात तर उतारी रामाची, रात्री खेळलात तर कृष्णाची. किती सुंदर नियम! पण दिवेलागणीला मांडलेल्या डावाचं काय? पश्चिमेला अजून तांबडं आहे, एकाच्या हातात राम आहे, दुसऱ्याच्या हातात कृष्ण. सूर्य बुडाला की नाही हे ठरवायला सोप्यावर जाऊन कुणीतरी बघून येणार, आणि त्याचा शब्द सगळे मानणार. तो माणूस पंच. त्याला खेळ आला नाही तरी चालेल. तो परत येऊन काहीतरी एक म्हणाला पाहिजे. 'सांगता येत नाही' असं म्हणाला तर डाव तिथेच मोडला.

तरी नियम बरे, माणसं अवघड. बघणाऱ्याने खेळणाऱ्याला काही सुचवायचं नाही, हे आम्ही सकाळीच हिंदीत, इंग्रजीत आणि हात जोडून सांगतो. बाप खोकतात. बाप पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने वाकतात. एकदा हॉलभर हिंदीचा कलकलाट चालू असताना एका टेबलामागून शांत, स्पष्ट, माळवी वळणाची मराठी ऐकू आली : "ते आत्ता नको वापरू रे, पुढच्या टर्नला कामी येईल." मुलाच्या समोर जुन्या शहरातला एक बोहरा मुलगा बसला होता. त्याला अर्थातच काही कळलं नाही. बाईंना वाटत होतं, मराठी हा पडदा आहे.

मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, इथे मराठी कळणारे आहेत."

त्या ओशाळल्या नाहीत. उलट चेहरा उजळला. "अय्या, आपलेच का तुम्ही? आडनाव काय?" सांगितलं. "मूळचे कुठले?"

"मूळचे इथलेच."

उज्जैनच्या मराठी माणसाचं हे ठरलेलं उत्तर आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. राणोजी शिंद्यांनी इथे बस्तान बसवलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, आणि पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली तरी कित्येक घरं क्षिप्रेकाठीच राहिली. दरबार गेला, पंचांगं राहिली, पुरणपोळी राहिली, पोह्यांवर शेव आली. भीमबेटकाची गुहाचित्रं जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर ह्याच गावचे. अशा गावात 'आपलं माणूस' भेटलं की आडनावापासून सुरुवात होते आणि शेवट नेहमी कुठल्यातरी सवलतीत होतो.

"मग आपल्या माणसाने एवढं मनावर नाही घ्यायचं," ताई म्हणाल्या.

घेतलं. त्यांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची दिली, मुलाला ताकीद दिली, आणि त्यांनी काय सुचवलं होतं ते समोरच्या मुलाला हिंदीत जसंच्या तसं सांगितलं. "अहो!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. असं करावं असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण एकाच्या कानात पडलेला शब्द परत काढता येत नाही, तेव्हा तो दुसऱ्याच्याही कानात घालावा, एवढं मला सुचलं. दुपारी ताईंनी कोथिंबीरवड्यांचा डबा पुढे केला. नियमावलीत लाचेवर कलम आहे, वड्यांवर नाही; तरी मी 'शेवटची फेरी झाल्यावर' म्हटलं. फेरी झाल्यावर त्या डबा घेऊन उभ्याच होत्या.

बत्तीस खेळाडू असले आणि बरोबरी झाली नाही, की पाच फेऱ्यांत हरला नाही असा एकच उरतो. हे गणित साधं आहे, पण बत्तीस आकडा आला की मला रुद्रसागरातल्या पुतळ्या दिसतात. पद्धत स्विस; १८९५ मध्ये झ्युरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्यांदा वापरली. हरलेल्याला घरी पाठवत नाहीत, पुढच्या फेरीत दुसऱ्या हरलेल्यासमोर बसवतात. नागद्याहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या पोराला दहा वाजता 'तू बाद' म्हणावं लागत नाही, ह्याबद्दल मी स्वित्झर्लंडचा ऋणी आहे.

आता पिकाचू. एका नावाची चार कार्डं चालतात, त्याहून जास्त नाहीत; मूळ एनर्जी तेवढी कितीही. मुलाच्या कॅटमध्ये निघाले पाच. त्याचं म्हणणं, पाचही वेगळे आहेत : एकाचं चित्र पावसातलं, एक झोपलेला, हल्ले निराळे, ताकद निराळी. सगळं खरं. पण मोजतात ते नाव. आणि त्याच कॅटमधला 'पिकाचू ईएक्स' मात्र ह्या मोजणीत धरला जात नाही, कारण त्याचं नाव वेगळं. "लेकिन अंकल, वही तो है!" मुलगा कळवळून म्हणाला. तेच जनावर, तेच गाल, तीच शेपटी.

ह्या तंट्याचा निकाल जुना आहे. वेताळाने राजाला विचारलेल्या कोड्यांत एक असं : देवीच्या देवळात नवऱ्याने आणि भावाने आपापली शिरं उतरवली, देवी प्रसन्न झाली, आणि बायकोने घाईत नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर, भावाचं नवऱ्याच्या धडावर लावलं. दोघे उठून बसले. आता नवरा कोणता? ह्यावर थॉमस मानने कादंबरी लिहिली, तिच्या आधाराने गिरीश कर्नाडांनी 'हयवदन' लिहिलं, पण राजाने तेव्हाच सांगून टाकलं होतं : ज्याच्या खांद्यावर नवऱ्याचं डोकं तो नवरा. पोकेमॉनवाल्यांचं मत राजासारखंच आहे. कार्डाच्या माथ्यावर जे नाव, ते ते कार्ड. खालचं धड कुठलंही असो.

जाता जाता : अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाचं मढं खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन आहे, आणि तो उज्जैनचा नाही, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा आहे. पुढे केव्हातरी तो उज्जैनच्या विक्रमात मिसळला. म्हणजे आमचा विक्रमही गोदावरी सोडून क्षिप्रेवर आला आणि 'मूळचे इथलेच' म्हणायला लागला.

खोट्या कार्डांचा प्रश्न मात्र माथ्यावरच्या नावाने सुटत नाही. स्टेशनरीच्या दुकानांत, जत्रेत, देवळांबाहेरच्या खेळण्यांच्या गाड्यांवर सोनेरी पोकेमॉन कार्डांची पाकिटं टांगलेली असतात. ती मूळ कंपनीची नसतात. नाव बरोबर, चित्र बरोबर, पण कागद पातळ, पाठीमागचा निळा रंग उडालेला, अक्षरांचं वळण चुकलेलं. खेळायला फक्त अस्सल कार्ड चालतं. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीच्या कॅटमध्ये असा एक चारिझार्ड सापडला. आजोबांनी आणून दिलेला. तिच्या हिशेबी तो सगळ्या कॅटमध्ये खरा होता, बाकीची कार्डं नुसती विकत घेतलेली. मी ते कार्ड काढायला सांगितलं आणि त्याच्या जागी एक साधं एनर्जी कार्ड घालायला लावलं, म्हणजे साठ भरतात. 'हे नकली आहे' असं मी म्हटलं नाही. 'हे ह्या स्पर्धेत चालत नाही' म्हटलं. दोन्ही वाक्यं खरी असताना पंचाने दुसरं निवडावं, असं माझं मत आहे.

ती रडली नाही. विचार करून म्हणाली, "टेबलावर ठेवलं तर चालेल? तो खेळणार नाही. फक्त बघेल."

टेबलावर नको त्या वस्तू ठेवू नयेत असा दंडक आहे. पण बघणाऱ्यांना मज्जाव नाही, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. ही अट चारिझार्ड हॉलमधल्या कुठल्याही बापापेक्षा नीट पाळणार होता. मी परवानगी दिली. तिने बाटलीला टेकवून तो उभा केला. समोरच्या मुलाने हरकत घेतली नाही. मधूनमधून तोही त्याच्याकडे बघत होता.

असे निवाडे मी घरी देऊ शकत नाही, ही गोष्ट माझ्या बायकोने माझ्या आधी टिपली. घरी जेवायला वरण करायचं की आमटी ह्यावर मी तीनदा मत बदलतो. सिंहासनबत्तिशीच्या सुरुवातीला जी कथा आहे ती मला त्यासाठी जवळची वाटते. शेतातल्या मचाणावर ब्राह्मण चढला की दानशूर होई. भोजराजाच्या सैन्याला 'या, खा, हवं ते घ्या' म्हणे. खाली उतरला की त्याच लोकांना 'माझ्या शेताची नासाडी केलीत' म्हणून शिव्या घाली. भोजाने ती जागा खणली तर खाली विक्रमाचं सिंहासन. दुसऱ्या एका रूपात गुराख्याचा पोरगा टेकाडावर बसून बिनचूक न्याय देतो आणि उतरला की पुन्हा गुराखी होतो. लोक ह्या कथेतून सिंहासनाचा महिमा घेतात. मला त्यातला उतरणारा माणूस दिसतो. मचाणावरून पायउतार होताना त्याला काय वाटत असेल? मला तरी सुटल्यासारखं वाटतं. काळा टी-शर्ट धुवायला टाकला की मी वरणाबद्दल पुन्हा मोकळेपणाने गोंधळू शकतो.

वेताळाच्या गोष्टी चांदोबात वाचल्या, म्हणजे शंकर ह्या चित्रकाराच्या चित्रात पाहिल्या : उपसलेली तलवार, खांद्यावर मढं, मागे चिता. तेव्हा वाटायचं, राजा हुशार म्हणून उत्तर देतो. खरं तर त्याला दोन्हीकडून पेच आहे. उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोक्याची शकलं होणार. बोलला तर वेताळ सुटून पुन्हा झाडावर. प्रत्येक बरोबर निवाड्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा तीच पायपीट. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, पण पंचगिरीचं वर्णन ह्याहून नेमकं मी वाचलेलं नाही. एका टेबलावरचं मिटवून पाठ फिरवावी तोच दुसऱ्या टेबलावर हात वर. चोविसाव्या कोड्याला राजाला उत्तर येत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यावरच वेताळ खूश होतो. इथे मात्र आमचं आणि राजाचं जमत नाही. पंचाला चोविसावं कोडं सोडून देता येत नाही. तिकडे घड्याळ चालू असतं.

माझं चोविसावं कोडं एका रविवारी शेवटच्या फेरीत आलं. एकाच शाळेतले दोन मित्र, तेरा-चौदा वर्षांचे. डाव रखडलेला, वेळ संपत आलेली. टेबलावर नाणं. विचारलं तर म्हणाले, छापा आला तर हा जिंकला, काटा आला तर तो. दोघांना मान्य आहे. भांडण नाही, फसवणूक नाही, हॉलमधली सर्वांत सलोख्याची जागा तीच होती. आणि नेमकं हेच चालत नाही. आपखुशीने हार मानता येते. दोघांनी ठरवून बरोबरी घेता येते. पण निकाल नाण्याने लावला तर मॅजिकच्या मोठ्या स्पर्धेत सामना जातो, आणि माहीत असून केलं असेल तर थेट स्पर्धेबाहेर.

मी टॉस रद्द केला आणि डाव होता तिथून पुढे खेळायला सांगितलं. दोघांतला बारका, चष्मेवाला, उठला नाही. म्हणाला, "अंकल, पहिली पाळी कुणाची ते नाण्यावर ठरलं. माझ्या कार्डाचा हल्ला लागतो की नाही ते नाण्यावर. पूर्ण गेम नाण्यावर आहे. फक्त शेवटी नाणं चालत नाही?"

मी सांगितलं ते असं : खेळाच्या आतलं नाणं खेळाचा भाग, खेळाऐवजी टाकलेलं नाणं म्हणजे न खेळता घेतलेला निकाल, आणि खाली ज्यांचे गुण ह्या निकालावर अवलंबून आहेत त्यांच्यावर तो अन्याय. तो म्हणाला, बरोबरी ठरवून घेतली तरी आम्ही खेळलेलो नसतोच, आणि त्यांचे गुण तेव्हाही अवलंबून असतातच. हे बरोबर होतं. माझ्याकडे ह्यावर आणखी एक-दोन वाक्यं होती, पण ती त्याला पटणार नाहीत हे मला दिसत होतं, कारण ती मलाही पुरती पटलेली नव्हती.

"कुठे लिहिलंय?" त्याने विचारलं.

मी फोनवर कलम काढून दिलं. त्याने ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. "लिहिलंय," तो म्हणाला. "पण चुकीचं लिहिलंय." मग कार्डं उचलली आणि खेळायला लागला. वेळ संपली, वरच्या तीन पाळ्या झाल्या, कुणीच जिंकलं नाही. बरोबरी. निकालाच्या चिठ्ठीवर मित्राने सही केली, मग ह्याने केली, आणि सहीखाली सुवाच्य देवनागरीत एक ओळ लिहिली : 'आपत्ति दर्ज की जाए.' वडील जिल्हा न्यायालयात वकील आहेत, हे मला नंतर कळलं. चिठ्ठी मी तशीच जमा केली.